कॉलेज फुटबॉलचा सामना किती वाजता सुरू व्हावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला आलेले विद्यार्थी, इथे स्थायिक झालेली कुटुंबं आणि भारतात बसून सामने बघणारे यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, म्हणजे न्यूयॉर्कची समजावी.

१. हा खेळ नेमका कोणता, आणि एका वेळेवरून एवढी चर्चा कशासाठी?

हा लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, विद्यापीठांच्या संघांमधला. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ दर शनिवारी सामने असतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत बाद फेरी. २०२४ पासून तिच्यात १२ संघ खेळतात. नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला १२ सामने येतात आणि त्यातले सहा-सातच घरच्या मैदानावर होतात. अख्ख्या वर्षातले सहा-सात शनिवार! त्यासाठी लोक दोनशे-तीनशे मैल गाडी चालवून येतात. सामना बाराला आहे की साडेसातला, यावर त्यांचा पूर्ण दिवस ठरतो, आणि पुष्कळदा हॉटेलात एक रात्र काढायची की दोन, हेसुद्धा.

२. सामने कोणत्या वेळांना सुरू होतात?

टीव्हीच्या सोयीने चार वेळा रूढ झाल्या आहेत: दुपारी १२, दुपारी ३.३०, संध्याकाळी ७ ते ७.३०, आणि पश्चिमेकडच्या संघांसाठी रात्री १०.१५-१०.३०. मैदानावरचं घड्याळ मात्र जागेप्रमाणे बदलतं. न्यूयॉर्कचे १२ म्हणजे टेक्सास, अलाबामा किंवा विस्कॉन्सिनमध्ये सकाळचे ११, कोलोरॅडोत १० आणि कॅलिफोर्नियात ९. म्हणून ‘बाराचा सामना’ आणि ‘अकराचा सामना’ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, तसंच साडेतीन आणि अडीचचं. छापलेल्या वेळेनंतर प्रत्यक्ष पहिली किक बसायला आणखी काही मिनिटं जातात, पण त्या भरवशावर उशिरा निघू नका. बँडचं संचलन आणि संघाचं मैदानात धावत येणं त्याआधीच होतं, आणि बघायचं असतं ते तेच.

३. मग चाहत्यांना सगळ्यात जास्त कोणती वेळ आवडते?

सगळ्यांचं एकमत होईल अशी वेळ नाही. पण सगळ्यात कमी तक्रारी ज्या वेळेला असतात ती साडेतीनची, म्हणजे मध्य अमेरिकेतली अडीचची. सकाळी शांतपणे निघता येतं, तीन-चार तास टेलगेट होतं (टेलगेट म्हणजे पार्किंगमध्ये गाडीमागे शेगडी मांडून केलेली पंगत). सामना साताच्या आसपास संपतो आणि दीडशे मैलांवरचा माणूस मध्यरात्रीच्या आत घरी पोहोचतो.

विद्यार्थ्यांना विचाराल तर ते रात्र म्हणतील. प्रकाशझोत, काळं आकाश आणि दिवसभर साठलेला उत्साह यांमुळे रात्रीच्या मैदानाचा आवाजच वेगळा असतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ६ हजारांहून जास्त माणसं पांढरे कपडे घालून बसतात, तो ‘व्हाइट आउट’ खरा खुलतो रात्रीच. लुइझियाना स्टेटच्या म्हणजे एलएसयूच्या चाहत्यांशी तर याबाबत वाद घालण्यात अर्थ नाही. बॅटन रूजच्या टायगर स्टेडियममध्ये शनिवारची रात्र ही त्यांची नव्वदहून जास्त वर्षांची परंपरा आहे. तिथे सप्टेंबरच्या दमट उन्हातून सुटका रात्रीच होते, हेही तितकंच खरं.

लहान मुलांचे आईबाप, वयस्कर सीझन तिकीटधारक आणि लांबून येणारे रात्रीच्या सामन्याला नाखूश असतात (कारणं प्रश्न ९ मध्ये). बाराच्या वेळेची बाजू घेणारेही आहेत. गावातच राहणारे, संध्याकाळ मोकळी हवी असणारे आणि सामना संपवून घरी जाऊन बाकीचे सामने बघणारे हे लोक. ते कमी आहेत, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

४. दुपारी बाराच्या सामन्यावर लोक एवढे चिडतात का?

कारण टेलगेटचं गणित बसत नाही. पाच-सहा किलोचा ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा मोठा तुकडा, २२५ अंश फॅरनहाइटला धुरावर १२ ते १४ तास शिजतो, वर तासभर मुरवत ठेवावा लागतो. मध्य अमेरिकेत सामना अकराला असेल तर ताटं आठला वाढायला हवीत, म्हणजे शेगडी शुक्रवारी संध्याकाळी पाचलाच पेटलेली हवी. कामावरून सुटायच्या वेळी हे जमायचं कसं? साधे सॉसेज भाजायचे तरी कोळशावर राख धरायला २५-३० मिनिटं लागतात, आणि आत शिरण्यापूर्वी निखारे विझवायला तेवढाच वेळ. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून मगच कोळसा त्यासाठी ठेवलेल्या पिंपात टाकावा. घाईत अर्धवट विझलेला कोळसा गाडीखाली सरकवला की आगी लागतात.

बाराच्या सामन्याला पावभाजी उत्तम. भाजी आदल्या रात्री करून ठेवायची, सकाळी गॅसच्या शेगडीवर गरम करायची, पाव तव्यावर लोण्यात भाजायचे, वीस मिनिटांत पंगत बसते.

दुसरं कारण बाहेरून दिसत नाही. हायस्कूलचे सामने शुक्रवारी रात्री असतात. विद्यापीठाला ज्या चांगल्या खेळाडूंना आपल्याकडे खेचायचं असतं, ते शुक्रवारी रात्री दहापर्यंत स्वतः मैदानात असतात. शनिवारी सकाळी अकराला शेकडो मैलांवर त्यांनी पोहोचायचं कसं? संध्याकाळचा सामना असला की ते आरामात येतात, भरलेलं मैदान बघतात, प्रशिक्षकांना भेटतात. त्यामुळे बाराची वेळ प्रशिक्षकांनाही नको असते.

राग किती खोल आहे याची दोन उदाहरणं. १९७१ च्या गाजलेल्या सामन्याला ५० वर्षं झाल्यानिमित्त ओक्लाहोमा आणि नेब्रास्का १८ सप्टेंबर २०२१ रोजी भेटणार होते. तो सामना सकाळी अकराला लागला तेव्हा ओक्लाहोमाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी आपली तीव्र निराशा जाहीरपणे मांडली. आणि २०२५ मध्ये ओहायोच्या विधिमंडळात तर साडेतीनच्या आधी सामने सुरू करायला बंदी घालणारं विधेयक मांडलं गेलं. त्यात मिशिगनविरुद्धच्या सामन्याला सूट होती. ती का, ते प्रश्न १३ मध्ये.

५. एवढा विरोध आहे तर विद्यापीठ सरळ नकार का देत नाही?

वेळ ठरवायचा हक्क विद्यापीठाने विकलेला असतो. १९८४ पर्यंत कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ती मक्तेदारी मोडली. तेव्हापासून विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, वाहिन्यांशी थेट करार करतात. करारातली रक्कम मोठी असते आणि तिच्या बदल्यात वाहिनी आपल्याला हवा तो सामना हव्या त्या वेळी लावते.

बाराची वेळ मोठी केली ती फॉक्स वाहिनीने. साडेतीनला सीबीएसवर दक्षिणेतल्या एसईसी गटाचा सामना असायचा, रात्री एबीसीवर मोठा सामना. बाराला मात्र मैदान मोकळं होतं. म्हणून २०१९ पासून फॉक्सने आपला सगळ्यात चांगला सामना ‘बिग नून’ म्हणून तिथे लावायला सुरुवात केली. आता साडेतीनचा एसईसी सामना एबीसीकडे गेला, बिग टेन गटाचे रात्रीचे सामने एनबीसीकडे आले, पण फॉक्सची बाराची वेळ तशीच आहे. परिणाम असा की संघ जितका चांगला, तितकी त्याला बाराची वेळ मिळायची शक्यता जास्त. ३० ऑगस्ट २०२५ रोजी ओहायो स्टेट आणि टेक्सास ही हंगामाच्या सुरुवातीची सगळ्यात मोठी लढतसुद्धा कोलंबसमध्ये बाराला झाली.

६. तिकिटावर वेळेच्या जागी ‘टीबीए’ (टू बी अनाउन्स्ड, म्हणजे नंतर जाहीर होईल) लिहिलंय. वेळ कळणार कधी?

साधारण १२ दिवस आधी, सोमवारी. वाहिन्या त्या आठवड्याचे सामने निवडतात आणि गट वेळा जाहीर करतो. काही आठवड्यांना वाहिनी निर्णय राखून ठेवते, आणि मग वेळ सहाच दिवस आधी, म्हणजे आदल्या शनिवारचे निकाल लागल्यावर कळते.

सगळ्यात मोठा अन्याय आम्हाला हाच वाटतो. बाराचा सामना आवडत नसला तरी लोक जुळवून घेतात. पण सहा दिवस आधी विमानाचं तिकीट काढायचं, मुलांना सांभाळायला कोणी बघायचं आणि नोकरीची पाळी बदलून घ्यायची, हे फार थोड्यांना जमतं.

तरी काही सामन्यांच्या वेळा लवकर कळतात. पहिल्या तीन आठवड्यांचे आणि शनिवार सोडून इतर दिवशी होणारे सामने बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जाहीर होतात. एसईसीने २०२४ पासून एक चांगली पद्धत आणली. नेमकी वेळ नाही, पण पट्टा आधीच सांगतात: सकाळचा (१२ ते १), दुपारचा (३.३० ते ४.३०), रात्रीचा (६ ते ८), किंवा दुपार-रात्र यांपैकी काहीही. निदान सकाळी की नंतर एवढं तरी कळतं.

लांबून येणार असाल तर हे सप्टेंबरमधले सामने निवडा. नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी सकाळी परतायचं धरूनच आरक्षण करा. लहान विद्यापीठगावांत सामन्याच्या शनिवारी हॉटेलं पुष्कळदा किमान दोन रात्रींचं आरक्षण मागतात, तेव्हा पैसे तसेही भरावे लागतात.

७. आईबाबा भारतातून आलेत. त्यांना एकच सामना दाखवायचा आहे, कोणता निवडू?

ऑक्टोबरमधला, साडेतीनचा, दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा. हवा सुखद असते, अशा सामन्याची तिकिटं स्वस्त मिळतात आणि गर्दीही जरा सैल असते. बहुतेक मैदानांत पाठीला टेका नसलेले ॲल्युमिनियमचे बाक असतात आणि साडेतीन तास बसायचं असतं, म्हणून पाठ असलेली आसनं भाड्याने मिळतात का ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी बघा. पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून प्रवेशद्वाराच्या पातळीजवळची ओळ घ्या. विद्यार्थ्यांच्या विभागाशेजारी बसवू नका, तिथे पूर्ण सामनाभर उभं राहावं लागतं.

पिशवी पारदर्शक हवी. प्रचलित मर्यादा १२ बाय ६ बाय १२ इंच. औषधं त्यातच ठेवा. मध्यंतर २० मिनिटांचं असतं आणि बँड तेव्हाच वाजतो, त्यामुळे शौचालयाला आईबाबांना मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच न्या. रांगही टळते आणि बँडही चुकत नाही.

८. ऊन टाळायला कोणत्या बाजूचं तिकीट घ्यावं?

बहुतेक मैदानं उत्तर-दक्षिण असतात. साडेतीनच्या सामन्यात पश्चिमेच्या प्रेक्षागारावर आधी सावली येते आणि पूर्वेला बसलेल्यांच्या डोळ्यांवर सूर्य असतो. सप्टेंबरमध्ये पश्चिम घ्या. नोव्हेंबरमध्ये उलट करा, उबेसाठी पूर्व. बाराच्या सामन्यात मात्र कोणतीही बाजू वाचत नाही, म्हणून दक्षिणेत सप्टेंबरमधला बाराचा सामना मुलांना घेऊन बघू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी उत्तरेकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेतीनचा सामना उजेडात सुरू होतो आणि अंधारात संपतो, आणि दुसऱ्या अर्ध्यात थंडी एकदम झोंबते. गार बाकामुळे अंग सगळ्यात लवकर गारठतं. पायाखाली पुठ्ठा आणि बसायला फोमचा तुकडा घेतला तर खूप फरक पडतो.

९. रात्रीचा सामना संपून घरी किती वाजता पोहोचू?

सामना कागदावर १५-१५ मिनिटांच्या चार डावांचा, प्रत्यक्षात तीन तास वीस मिनिटांच्या पुढे जातो. २०२३ पासून फर्स्ट डाउन (चेंडू दहा यार्ड पुढे नेल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाल्यावर घड्याळ थांबवत नाहीत (प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं सोडून), तरी जाहिराती तितक्याच. साडेसातला सुरू झालेला सामना अकराच्या सुमारास संपतो. एक लाख माणसं बाहेर पडायला तास जातो. दीडशे मैल गाडी चालवायची असेल तर रात्रीचे अडीच वाजले असं धरून चाला. ज्यादा डाव झाला तर आणखी उशीर.

चालकाने शनिवारी दुपारी झोप काढावी, आणि परतीचं पेट्रोल सामन्याआधीच भरावं. मुलं लहान असतील तर तिसरा डाव संपताच निघण्यात काही कमीपणा नाही. फक्त विस्कॉन्सिनला तिसऱ्या-चौथ्या डावाच्या मध्ये सगळं मैदान ‘जंप अराउंड’ या गाण्यावर उड्या मारतं, ते बघून मगच निघा. आयोवाच्या किनिक स्टेडियममध्ये पहिला डाव संपला की सगळे प्रेक्षक शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून खिडकीतल्या मुलांना हात करतात. रात्रीच्या सामन्यात फोनचे दिवे उंचावतात, आणि वरच्या मजल्यांवरून मुलंही दिवे हलवून उत्तर देतात. रात्रीच्या वेळेच्या बाजूने एवढं एक कारणही पुरेसं आहे.

१०. विजा चमकल्या तर?

जवळपास, साधारण आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबतो आणि प्रेक्षकांना आडोशाला जायला सांगतात. शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं जावी लागतात. मध्ये पुन्हा चमकली की ती ३० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्याच्या शेवटी वादळं बहुतेक दुपारी-संध्याकाळी उठतात, त्यामुळे साडेतीन आणि सातच्या सामन्यांना हा धोका जास्त. गेटबाहेर गेल्यावर परत आत सोडतात का, हे आधी विचारून ठेवा.

११. भारतातून बघायला कोणती वेळ सोयीची?

इथे मात्र सगळं उलटं होतं. अमेरिकेत नकोसा असलेला बाराचा सामना भारतात शनिवारी रात्री ९.३० ला सुरू होतो, जेवण आटोपून बसावं असा. साडेतीनची लाडकी वेळ रविवारी पहाटे १ वाजता येते आणि सगळ्यात गैरसोयीची ठरते. साडेसातचा सामना रविवारी पहाटे ५ ला, आणि साडेदहाचा सकाळी ८ ला, पोहे खाताखाता बघावा असा.

ही वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतची. त्या दिवशी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारतातली प्रत्येक वेळ तासाने पुढे सरकते: १०.३०, २, ६ आणि ९. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर ‘सामना लागलाच नाही’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

१२. ॲरिझोना आणि हवाईचं गणित कधीच जुळत नाही. का?

ही दोन राज्यं घड्याळ बदलत नाहीत (ॲरिझोनातला नवाहो लोकांचा प्रदेश सोडून). त्यामुळे ॲरिझोना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या वेळेवर असतं आणि नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोच्या. भारतातून बघणाऱ्यांना हे सोपं पडतं: ॲरिझोनातला संध्याकाळी ७ चा सामना बारा महिने रविवारी सकाळी ७.३० ला, हवाईतला संध्याकाळी ६ चा सामना सकाळी ९.३० ला. ॲरिझोनातल्या टेम्पीच्या उन्हाळी उष्म्यात सप्टेंबरचे सामने रात्री ठेवतात, आणि त्याबद्दल तिथे कोणी तक्रार करत नाही.

१३. ज्यांची वेळ बदललेली चाहत्यांनाच चालत नाही असे सामने आहेत का?

आहेत. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारी १२. एरवी बाराला नावं ठेवणारे लोकही हा सामना बारालाच मागतात. थंडी, दिवसाचा उजेड आणि लहानपणापासूनची सवय हे त्यामागचं कारण. आर्मी-नेव्ही (लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींचे संघ) हा डिसेंबरचा दुसरा शनिवार, दुपारी तीनच्या सुमारास. टेक्सास आणि ओक्लाहोमा डॅलसला जत्रेच्या आवारात भेटतात आणि तिथे अनेक वर्षं सकाळी अकराची वेळ होती. जत्रा तिथेच असल्यामुळे खाण्यापिण्याचा प्रश्न उरत नाही आणि सामन्यानंतर दिवस मोकळा राहतो, म्हणून ती चालून गेली.

१४. शनिवार सोडून सामने का ठेवतात?

टीव्हीवर दिसावं म्हणून. मध्य-पश्चिमेतल्या लहान विद्यापीठांचा मॅक गट नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतो. शनिवारी त्यांना कोणी बघत नाही, मंगळवारी अख्खा देश बघतो. मैदानात मात्र बाक रिकामे राहतात, कारण दुसऱ्या दिवशी शाळा आणि नोकरी असते. शुक्रवारच्या रात्रीला हायस्कूलवाल्यांचा विरोध असतो. त्यांना आणि कॉलेजांना व्यावसायिक एनएफएलपासून १९६१ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पण कॉलेजांपासून हायस्कूलला नाही.

१५. मंडळाचा गणपती किंवा दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी आहे आणि त्याच दिवशी घरचा सामना. काय करावं?

हॉल ठरवण्याआधी विद्यापीठाचं वेळापत्रक बघा. तारखा अनेक महिने आधी ठरलेल्या असतात, वेळ तेवढी नंतर कळते (प्रश्न ६). विद्यापीठाजवळचा हॉल असेल तर घरच्या सामन्याचा शनिवार टाळाच, कारण रस्ते बंद होतात आणि पार्किंगचे दर कितीतरी वाढतात. दुसरा शनिवार मिळत नसेल तर रविवार घ्या. तोही जमत नसेल तर आमंत्रणात ‘वेळ ६ ते १२ दिवस आधी कळवू’ असं लिहा: सामना बाराला लागला तर कार्यक्रम संध्याकाळी सहाला, रात्री लागला तर सकाळी दहाला आरती आणि दुपारी जेवण. साडेतीनला लागला तर सकाळचा कार्यक्रम एकच्या आत संपवा. केटररशी बोलताना दोन्ही वेळा आधीच सांगून ठेवा.